पुजलेलं बोनेट

आमच्या घरात सुती कापड टिकत नसे. नानांचं बॅटऱ्यांचं दुकान घराच्या पुढच्याच अंगाला होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक लांबट शेड, आणि तिच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की थेट आमचं स्वयंपाकघर. ॲसिडचा थेंब कुठून कसा उडायचा देव जाणे, पण नव्या कोऱ्या फ्रॉकला दोन धुण्यांत जाळी पडायची. माय, म्हणजे आमची आई, ठेवणीतलं सुती पातळ फक्त सणाला काढायची आणि सणालाही शेडकडे पाठ करून बसायची. शाळेत मुली विचारायच्या, तुमच्याकडे उंदीर फार झालेत का गं? मी सांगायचे, हो, आणि ते मुलींनाही चावतात. भांडायला मला फार कारण लागत नसे. आजही लागत नाही, ते हे वाचणारी माझी मुलं सांगतीलच.

जळगावातून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शेड होती. केळीचे ट्रक तिथे थांबत. वरपर्यंत घड रचलेला ट्रक रस्त्याच्या कडेला लागला, की केळीच्या पानांचा ओलसर वास आणि ॲसिडचा नाकात चढणारा वास यांची एक विचित्र खिचडी व्हायची. माझ्यासाठी घराचा वास म्हणजे तोच. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग भिंतीशी असे. त्यांची बुचं काढलेली, आत पाणी बुडबुडत असायचं, आणि चार्जरचा घूं घूं आवाज चोवीस तास चालू. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना त्या आवाजानं झोप लागत नसे, आणि वीज गेली की आम्हाला लागत नसे. संध्याकाळी माय कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायला बसायची, चुलीत वांगी भाजायला टाकलेली असायची, आणि शेडमधून नाना ओरडून विचारायचे, "पोरींनो, डिस्टिल वॉटरचा कॅन कुठे ठेवला?" माय तिथूनच उत्तर द्यायची, "भरतात टाकला!"

आम्हाला भाऊ नव्हता. लोकांना त्याचं फार वाईट वाटे, आम्हाला वेळ नव्हता. नानांना हात हवे होते आणि घरात चार हात मोकळे होते, इतकाच तो हिशेब. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती बोलायची कमी. माझ्या वाट्याचंही न बोलणं तिनंच करून टाकलं असावं. पण शेडमधलं सगळं मला शिकवलं ते तिनं, नानांनी नाही. नाना शिकवायला बसले की वैतागायचे. अक्का एकदाच सांगायची आणि मग नुसतं बघत बसायची, मी कुठे चुकते ते.

एक दिवस दारात एक जीप आणून लावली होती. चावी फिरवली की टक, आणि पुढे काही नाही. मी लगेच बॅटरी उतरवायला निघाले. अक्कानं माझी वेणी धरून मला मागे ओढलं. म्हणाली, "आतला दिवा लाव आणि मग चावी फिरव. दिव्याकडे बघ." मग तिनं मला तो टक ऐकायला शिकवला. टक झालं आणि दिवा तसाच लख्ख राहिला, तर दोष सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमध्ये. टकटकटक असं दात वाजल्यासारखं झालं आणि दिवा मलूल पडला, तर बॅटरी उतरलेली. पण एकच टक होऊन दिवा पार गेला आणि चावी सोडल्यावर परत आला, तर बॅटरीही बरी आणि सेल्फही बरा. दोघांची गाठ नीट पडत नाही, एवढंच. वायरीचं टोक जिथे बॅटरीला आवळलेलं असतं तिथे मळ असतो, नाहीतर ते ढिलं असतं. दिव्याला थोडा करंट पुरतो, म्हणून दिवा लागतो. सेल्फला भरपूर लागतो, तो त्या मळातून जात नाही. "आणि याची एक खोड असते," अक्का म्हणाली, "हे लागलं, म्हणजे सुरू झालं, तर मध्येच लागतं. गाडी जरा हलली, कुणी दार आपटलं, की लागून जातं. मग माणसाला वाटतं आपणच शहाणे." एवढं मोठं भाषण तिनं आयुष्यात फार वेळा केलं नसेल.

अक्काचं लग्न आधी जामनेरला ठरलं होतं. साखरपुडा झाला, मायनं खापरावरचे मांडे केले, व्याह्यांनी ते मागून मागून खाल्ले. त्यानंतर महिन्याभरात मुलाची आजी वारली. म्हातारी नव्वदीला टेकलेली, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. साखरपुड्याआधी आम्ही जामनेरला गेलो तेव्हाही तिला खाटेवरच दाखवलं होतं, की बघा, नातसून बघायला जीव धरून आहे. पण ती गेली आणि जामनेरहून निरोप आला, मुलगी पांढऱ्या पायाची आहे. लग्न मोडलं. निरोप घेऊन आलेला माणूस आमच्याच ओट्यावर बसून चहा प्याला. नाना त्याला दारापर्यंत पोचवायला गेले. मी शेडमधून बाहेर जाऊन त्याच्या सायकलची हवा सोडली आणि त्याबद्दल मला अजून काहीही वाटत नाही.

अक्का रडली नाही. ती शेडमध्ये जाऊन एका बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी घासत बसली, घासून संपली तरी घासत बसली. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. ती म्हणाली, "शब्द बघ कसा आहे. पायाला लागला की धुता येत नाही." मला तेव्हा इतका संताप आला की मी उठून पाण्याची बादलीच उलटी केली. त्या शब्दाला काय लागतं? पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. कुणीतरी मरावं, नाहीतर एखादं जनावर आजारी पडावं, नाहीतर दूध नासावं, की झालं. पुढे दोन-तीन ठिकाणी बोलणी निघाली आणि ती जामनेरला चौकशी करून परत फिरली. कारण कुणी सांगत नसे. न सांगताच आम्हाला कळायचं.

मग साक्रीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, वडील नव्हते, घरातलं मोठं माणूस म्हणजे काका. त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, खणखणीत आवाजाचे, कपाळाला कायम गंध. मुलगा जळगावला आला होता तेव्हा त्याच्या कानावर जामनेरची गोष्ट कुणीतरी घातलीच, आणि तो म्हणाला की नव्वदीच्या आजीला मरायला कुणाच्या पायाची गरज नसते. हे वाक्य आमच्याकडे पोचलं आणि मी त्या माणसाला बघण्याआधीच भाऊजी म्हणायला लागले. आबांनी मात्र होकार दिला तो तोंड वाकडं करून. बैठकीत त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, "ते जामनेरनं काय परकरन व्हतं?" नानांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती खाली मान मी दारामागून पाहिली. नानांनी कुणाची गाडी बिघडवली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी मान खाली. मला आबांपेक्षा नानांचा राग जास्त आला.

लग्न आमच्याच दारात झालं, उन्हाळ्यात. शेड रिकामी करून तिथे वऱ्हाड बसवलं. चार्जर बंद केला होता, आणि त्या शांततेत मला सकाळपासून चुकल्यासारखं वाटत होतं. मागच्या परसात आचाऱ्यानं मोठ्या पातेल्यात वरण चढवलेलं, बट्ट्या आधी वाफवून तुपात तळायला घेतलेल्या, वांग्याची घोटलेली भाजी लाकडी घोटण्यानं दोन माणसं आळीपाळीनं घोटत होती. केळीच्या पानांवर पंगती उठत होत्या. साक्रीकडच्या बायका बट्टी मोडताना म्हणत, "तुपाले हात सैल शे हो जयगाववाल्यासना," आणि माय त्या एका वाक्यावर दिवसभर उभी राहिली.

दुपार कलली तशी आबांना घाई झाली. दिवेलागणीच्या आत नवरीनं साक्रीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायला हवं होतं, आणि वाट लांबची, पारोळा, धुळे करत जायची. नवरदेवाची गाडी म्हणजे पांढरी ॲम्बॅसिडर, आबांच्या कुणा स्नेह्याची, दारात सजवून उभी होती. मी आत अक्काच्या ट्रंकेला कुलूप घालत होते, त्यामुळे बाहेर गाडीची पूजा झाली ती मी पाहिली नाही. नारळ फुटल्याचा आवाज तेवढा ऐकला. मग अक्काला बाहेर आणलं, आणि रडणं सुरू झालं. आमच्या गल्लीतल्या बायका रडण्यात कसर ठेवत नसत. ज्यांचं अक्काशी कधी पटलं नव्हतं त्यासुद्धा तिच्या गळ्यात पडून रडल्या. बँडवाल्यांनी निरोपाचं वाजवलं. अक्का गाडीत मागे बसली, शेजारी भाऊजी. ड्रायव्हरनं टेपवर सनईची कॅसेट लावली, काचा खाली केल्या, हात जोडले आणि चावी फिरवली.

टक.

बँड वाजतच होता, म्हणून पहिला टक फारसा कुणी ऐकला नाही. दुसऱ्या टकला बँडमधला क्लॅरनेटवाला थांबला. तिसऱ्याला ताशा थांबला. मग सगळं गप्प झालं आणि चौथा टक अख्ख्या गल्लीनं ऐकला. रडणाऱ्या बायकांची तर फारच पंचाईत झाली. रडून झालेलं, पदरानं डोळे पुसलेले, आणि नवरी अजून समोरच. आता बोलावं तर काय, आणि परत रडायचं तर कधी? एक मावशी तर गाडीच्या खिडकीत डोकं घालून अक्काला विचारू लागली, "जेवलीस का गं नीट?"

दोन-चार तरुण पोरं पुढे सरसावली, धक्का मारायला. आबांनी त्यांना हातानंच अडवलं. "धक्का मारीसन नवरी लयी जावानी? साक्रीमा तोंड कसं दखाडानं?" आमच्याकडच्याही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नवरी ढकलून घालवली असं कुणी म्हणालं असतं, तर ते त्यांनाही नको होतं. हँडल मारून गाडी सुरू करावी, तर ड्रायव्हर म्हणाला हँडल साक्रीला घरी राहिलं. त्यानं परत चावी फिरवली. परत टक. आणि या वेळी मी गाडीच्या अगदी जवळ होते, म्हणून मला ते ऐकू आलं. चावी फिरली की टेपवरची सनई मध्येच तुटायची, आणि चावी सोडली की जिथे तुटली तिथूनच पुढे वाजायला लागायची.

मी अक्काकडे पाहिलं. मुंडावळ्यांतून ती माझ्याकडेच बघत होती. तिनंही ऐकलं होतं.

एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. ती कशी सुरू होते हे मला माहीत होतं. आधी दोन बायका एकमेकींकडे बघतात. मग एकजण जामनेर म्हणते. मी तो शब्द माझ्या कानांनी ऐकला. मायनंही ऐकला असणार, कारण तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. नाना फेटा बांधून, हात जोडून उभे होते. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या सुरू करून दिल्या, तो आपल्या दारात बंद पडलेल्या गाडीपुढे हात जोडून उभा. त्यांनी एकदा पाऊल उचललं, तर आबा म्हणाले, "नई, व्याही, तुम्ही नका. नवरीना बाप गाडीले हात लावस का कधी?" आणि नाना थांबले. थांबले, आणि मग वळून शेडकडे चालते झाले. मला वाटलं, गेले. लाजेनं तोंड लपवायला गेले. वय झाल्यावर माणूस आपल्या बापाला समजून घेतो म्हणतात. त्या थांबण्याला मी अजून समजून घेतलेलं नाही.

तेवढ्यात आबा बोलले. ते वाईट मनानं बोलले असं मी म्हणणार नाही. ते खरोखर तोडगा काढत होते. त्यांनी मंडपाकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक काम करा. नवरीले जराशी खाले उतारा. मंग देखा गाडी चालू व्हस का नई."

 बाकीच्यांना तो एक साधा उपाय वाटला. उतरेल बिचारी, परत बसेल, त्यात काय? पण मला आणि अक्काला, त्या गल्लीत फक्त आम्हा दोघींना आणि शेडमध्ये गेलेल्या नानांना, माहीत होतं की ही खोड कशी असते. जड शालू नेसलेली बाई गाडीतून उतरणार, गाडी हलणार, दार धाडकन लागणार, आणि तेवढ्या हलण्यानं ती गाठ पडायची शक्यता होती. नवरी खाली उतरली आणि त्याच क्षणी गाडी सुरू झाली असती. मग अक्कानं साक्रीत पंचवीस वर्षं जीव ओतला असता तरी उपयोग नव्हता. ही तीच, जी उतरली तेव्हा गाडी लागली. तिथे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तापाला आणि मरणाऱ्या प्रत्येक म्हशीला ती गाडी पुरली असती.

भाऊजींच्या एका आत्यानं दाराच्या मुठीला हात घातला. दार उघडेना. अक्कानं आतून खटका दाबून धरला होता आणि समोर बघत बसली होती, काहीच घडत नसल्यासारखी. मी ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. सनई बंद झाली.

"ए पोरी!" आबा गरजले. "चावी दे."

"देणार नाही."

"आम्हनी गाडी शे!"

"गाडी तुमची आहे आणि आत बसलेली बहीण माझी आहे. ती उतरणार नाही. आधी बोनेट उघडा, मग चावी देते."

मंडपात एकदम गलका झाला. कुणीतरी म्हणालं, हिला आवरा. माय धावत आली आणि तिनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की आठवडाभर हिरवं राहिलं. "तुले काही लाज हाये का नाही? पाव्हण्याले उलटं बोलते? बहिणीचा संसार बसायच्या आधी मोडते का?" मी मायला म्हटलं, "मोडू नये म्हणूनच."  मग तिनं माझा दंड सोडला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. का ते तिला सांगता आलं नसतं, पण हलली नाही.

आबांचा पारा चढला होता. पण त्यांनी कारण दिलं ते देवाचं. "पुजेल गाडीनं बोनेट उघाडतस नई. नारळ फुटना, झाकन लागनं. आते ते साक्रीमाच उघडी." त्यांच्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी हो हो केलं. मी मूठ घट्ट आवळून उभी होते. चावी हाताला रुतत होती. सांगायला हरकत नाही, मला भीतीही वाटत होती. 

तेव्हा गाडीच्या आतून अक्काचा आवाज आला. ती आबांशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. ती शेजारी बसलेल्या माणसाशी बोलली, ज्याच्याशी तोपर्यंत तिनं आयुष्यात एक शब्द काढलेला नव्हता. त्या काळी नवराबायकोचं पहिलं बोलणं कसं असे, काय असे, याच्या गोष्टी बायका एकमेकींना लाजत लाजत सांगतात. अक्काची गोष्ट एवढीच आहे. ती नवऱ्याला म्हणाली, "पुढे डॅशबोर्डखाली एक दांडी आहे, ती ओढा."

 भाऊजी डोक्यावरचा फेटा सांभाळत दार उघडून उतरले, पुढे वाकले आणि त्यांनी दांडी ओढली. खट्ट झालं आणि बोनेट बोटभर वर आलं.

"आबा," ते म्हणाले, "पूजा माझ्या गाडीची झाली ना? मग मीच उघडली." त्यांचा आवाज थोडा चिरकला होता, पण शब्द पुरे बाहेर आले.

मी बोनेट वर केलं आणि पहिल्यांदा मला हसूच आलं. बॅटरीची दोन्ही टोकं मारुतीच्या मूर्तीसारखी शेंदरी झाली होती. तेलात कालवलेला शेंदूर, चांगला बोटभर जाड थापलेला, आणि त्यावरून वायरीचे क्लॅम्प आवळलेले. नंतर कळलं, ड्रायव्हरनं पूजेसाठी म्हणून क्लॅम्प काढून टोकं घासून लखलखीत केली होती, आणि आबांनी ती उघडी टोकं पाहून गाडीचा जीव इथेच आहे म्हणत त्यांना शेंदूर फासला होता. ड्रायव्हरनं मग तसेच क्लॅम्प बसवले होते. शेंदूर आणि तेल यांतून करंट जायचा कसा? अपशकुन अपशकुन म्हणत जो अख्खी गल्ली शोधत होती, तो नवरीच्या पायात नव्हता, पूजेच्या वाटीत होता.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

ड्रायव्हर पायाकडे बघत म्हणाला, "आबासनी लावं. मी नका नका सांगी राहिंतू."

 मला वाटतं आबांना अजून कळलं नव्हतं. शेंदरानं गाडी कशी अडेल? मारुतीला चालतो तो. मी पान्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या पाठीमागून एक हात पुढे आला. नानांचा. त्यांच्या हातात पाना होता, दुसऱ्या हातात जुना चाकू आणि काचपेपर. ते शेडमध्ये त्यासाठी गेले होते. गाडीला हात लावणार नाही म्हणून त्यांनी व्याह्यांना मान दिला होता, आणि माझ्या हातात पाना दिला होता. त्यांनी हळूच एवढंच सांगितलं, "आधी अर्थ काढ." म्हणजे अर्थिंगची वायर. मला ते माहीत होतं, पण त्या वेळी मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही.

मायला मी गरम पाणी आणि सोडा आणायला सांगितला. ती आचाऱ्याच्या चुलीवरची चहाची किटली आणि बट्टीच्या पिठासाठी आणलेला सोडा घेऊन आली. क्लॅम्प ढिले केले, चाकूनं शेंदूर खरवडला, सोड्याचं गरम पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं, मग काचपेपरनं दोन्ही टोकं आणि क्लॅम्पची आतली बाजू घासली, शिसं चमकेपर्यंत. माझ्या अंगावर लग्नासाठी शिवलेला पोपटी रेशमी ड्रेस होता. त्याच्यावर शेंदूर, ग्रीस आणि सोडा असं तिन्ही उडालं. सगळी गल्ली टाचा उंचावून बघत होती. आता रडण्यापेक्षा हेच बघण्यात सगळ्यांना जास्त रस होता. अक्का आत बसून होती. खटका तिनं अजून धरलेला होता.

क्लॅम्प आवळले, बोनेट पाडलं आणि चावी ड्रायव्हरच्या हातात ठेवली. त्यानं चावी फिरवली. पहिल्याच फटक्याला गाडी धडधडून उठली. बँडवाल्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही, त्यांनी आपण होऊन जोरात सुरू केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना शेडच्या खांबाला टेकून उभे राहिले.

आबांनी दोन्ही हात वर केले. "चला, चला! नारळ कामले उना! मारोतीनी कृपा!" आणि बायकांचा तोच सूर लागला, हो बाई, कृपाच म्हणायची, नाहीतर मघाशी काय झालं होतं कुणास ठाऊक. मला दिसलं की हे कुठे चाललंय. गाडी लागली ती देवामुळे, आणि अडली होती ती मात्र नवरीमुळे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहणार होत्या आणि एकत्र साक्रीला जाणार होत्या. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते आठवत नाही, पण ते चांगलं नसतं.

अक्का माझ्या आधी बोलली.

"दादा, गाडी बंद करा."

ड्रायव्हरला वाटलं त्याच्या ऐकण्यात चूक झाली. त्यानं मागे पाहिलं.

"बंद करा."

त्यानं बंद केली. बँड पुन्हा एकेक वाद्यानं थांबला. अक्कानं दाराचा खटका सोडला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मुंडावळ्या एका हातानं बाजूला धरल्या. तिचा चेहरा सगळ्यांना दिसला. लग्नाच्या दिवशी नवरीनं असा चेहरा दाखवायचा नसतो.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही मघाशी म्हणालात, नवरी उतरली की गाडी लागेल. मी उतरलेली नाही. आता तुम्ही पुढे या आणि तुमच्या हातानं लावा."

आबांना कुणी असं बोलावलेलं नव्हतं. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. भाऊजींनी ड्रायव्हरचं दार उघडून धरलं, ड्रायव्हर उतरला. आबा आले, धोतर सावरत सीटवर बसले, आणि चावी फिरवली. गाडी लागली. त्यांच्या हाताला ती धडधड जाणवली असणार, कारण त्यांनी हात पटकन मागे घेतला.

"अजून एकदा," अक्का म्हणाली.

त्यांनी बंद केली आणि पुन्हा लावली. पुन्हा लागली. 

"आता कुणाला माझ्या पायाबद्दल काही म्हणायचं असेल," अक्का म्हणाली, मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात, "तर ते इथे म्हणा, माझ्या बापाच्या दारात. साक्रीला पोचल्यावर मी ऐकून घेणार नाही."

 आबा सीटवरून उतरले. ड्रायव्हर आत बसला, भाऊजी मागे तिच्या शेजारी येऊन बसले. गाडी चालूच होती.

"चला," अक्का म्हणाली.